मध्यम सत्त्वाचा उपस्तंभ : तरुण सहकाऱ्यांचे मनोबल आणि चिकाटी

चिकित्सेचे चार पाद सांगताना चरकाचार्यांनी वैद्य, द्रव्य आणि रुग्ण यांच्या पंक्तीत उपस्थात्याला म्हणजे परिचारकाला बसविले आहे. सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात प्रत्येक पादाचे चार गुण वर्णिले असून उपस्थात्याच्या ठिकाणी उपचारज्ञता, दाक्ष्य, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी अनुराग आणि शौच या गुणांची अपेक्षा केली आहे. सुश्रुताचार्यांनी परिचारकाचे वर्णन करताना स्नेहशीलता, किळस न येणे, बल, रुग्णरक्षणातील तत्परता आणि वैद्यवचनाचे पालन यांच्या जोडीला आणखी एक गुण घातला आहे. तो म्हणजे ‘अश्रांत’ असणे, न थकणे. आजच्या भाषेत ज्याला आपण चिकाटी म्हणतो, तिला परिचर्येच्या आवश्यक गुणांत असे प्राचीन काळीच स्थान मिळाले होते.

सांप्रत आपल्या सभा-संमेलनांत, चहाच्या वेळी दोन वैद्य किंवा दोन फार्मसीचालक एकत्र आले की एक तक्रार हटकून ऐकू येते. ‘हल्लीची मुले टिकत नाहीत.’ पंचकर्म विभागात घेतलेला मुलगा चार महिन्यांत निघून जातो, औषधांच्या काउंटरवरील मुलगी दिवाळीनंतर परत येत नाही, इंटर्नशिप संपवून साहाय्यक म्हणून आलेला तरुण वैद्य वर्षही पुरे करीत नाही. ही तक्रार निराधार नाही. तीस बस्तींचा कर्मबस्तिक्रम अर्ध्यावर असताना परिचारक बदलला, की रुग्णाचा विश्वास डळमळतो. जुना माणूस गेला, की पुडी बांधताना अनुपान कोणी समजावून सांगावयाचे हा प्रश्न पडतो. तथापि या तक्रारीचे निदान आपण क्वचितच करतो. रुग्ण येताच दशविध परीक्षा करणारे आपण, सहकाऱ्याच्या बाबतीत मात्र ‘चिकाटी नाही’ एवढ्या एका शब्दावर थांबतो. या लेखाचा हेतू हे निदान आपल्याच शास्त्राच्या आधारे करून पाहण्याचा आहे.

वयाचा विचार

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दशविध परीक्ष्य भावांमध्ये वयाचा विचार येतो. तेथे बाल्याचा काळ तीस वर्षांपर्यंत मानला असून त्याचे दोन भाग केले आहेत. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात. त्यानंतर तीस वर्षांपर्यंत धातूंचे गुण वाढत असतात, परंतु सत्त्व प्रायः अनवस्थित असते, असे आचार्य सांगतात. म्हणजे शरीर भरत असते, पण मन अद्याप एका जागी ठरलेले नसते.

आपल्याकडे कामाला येणारी बहुतेक मुले-मुली अठरा ते तीस या वयोगटातील असतात. त्यांच्या मनाची अस्थिरता ही ‘हल्लीची’ गोष्ट नाही, मोबाईलमुळे नव्याने उपजलेली तर नाहीच. ती त्या वयाची अवस्था आहे. बालकाचा अग्नी प्रौढासारखा नाही म्हणून त्याला कोणी दोष देत नाही, मात्रा कमी करतो. तद्वत अनवस्थित सत्त्वाच्या तरुणाला दोष देण्याऐवजी त्याच्यासाठी कोणती मात्रा आणि कोणता क्रम योग्य, हा विचार वैद्याला शोभणारा आहे. आचार्यांनी ‘प्रायः’ हा शब्द घातला आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. वीस वर्षांची एखादी मुलगी विलक्षण स्थिर असू शकते आणि पन्नाशीचा गृहस्थ चंचल असू शकतो.

सत्त्वबलाचे तीन प्रकार

त्याच अध्यायातील सत्त्वपरीक्षा आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात पाठ केलेली आहे. प्रवर सत्त्वाचा मनुष्य शरीराने लहान असूनही मोठ्या पीडेत अव्यथ दिसतो. अवर सत्त्वाचा मनुष्य धिप्पाड असूनही अल्प वेदना सहन करू शकत नाही आणि त्याला स्वतःच्या किंवा इतरांच्या आधारानेही सावरणे कठीण जाते. या दोहोंच्या मधल्या मध्यम सत्त्वाविषयी आचार्यांनी जे सांगितले आहे, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होय. मध्यम सत्त्वाचा मनुष्य इतरांकडे पाहून, ‘हा सहन करतो तर मीही करू शकेन’ असे मनाशी धरून स्वतःला सावरतो, किंवा इतरांनी दिलेल्या आधाराने सावरला जातो.

समाजात प्रवर आणि अवर ही दोन्ही टोके थोडी, मध्यमच बहुसंख्य. त्यामुळे आपल्याकडील तरुण सहकाऱ्यांची चिकाटी ही बव्हंशी त्यांच्या एकट्याच्या मनातील साठा नसते. ते कोणाकडे पाहतात आणि त्यांना कोण आधार देतो, यावर ती अवलंबून राहते.

एक उदाहरण देतो. माझ्या पंचकर्म विभागात बारावी झालेला एक मुलगा साहाय्यक म्हणून आला. अभ्यंग, स्वेदन यांत त्याचा हात चांगला बसला. मात्र वमनाच्या पहिल्याच दिवशी तो पांढराफटक पडून बाहेर जाऊन बसला. वमनात रुग्णाचे कपाळ धरणे, पाठ चोळणे, वेग मोजणे, बाहेर पडलेल्या द्रव्याचे मापन करणे ही कामे परिचारकाचीच. विभागातील ज्येष्ठ परिचारिकेने त्याला काहीही उपदेश केला नाही. पुढच्या वमनाला तिने त्याला केवळ वेगांची नोंद करण्यासाठी दारापाशी उभे केले. त्यानंतरच्या वेळी पाण्याचे भांडे हाती दिले, मग पाठ चोळावयास सांगितले. पाचव्या-सहाव्या वमनाला त्याने आपणहून रुग्णाचे कपाळ धरले. सुश्रुताचार्यांना अभिप्रेत असलेला ‘अजुगुप्सु’ परिचारक हा असा घडतो. तो मुलगा आज चौथ्या वर्षीही काम करीत आहे. त्या पहिल्या दिवशी आपण ‘हा या कामाचा नाही’ असा निर्णय दिला असता, तर मध्यम सत्त्वाचा एक चांगला उपस्थाता अवर ठरवून घालविला असता.

आधुनिक मानसशास्त्र काय सांगते

गेल्या पाव शतकात पाश्चात्त्य मानसशास्त्राने मनाच्या रोगांबरोबरच मनाच्या बलस्थानांचाही पद्धतशीर अभ्यास चालविला आहे. मार्टिन सेलिग्मन यांनी १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष असताना या दिशेचा आग्रह धरला. पुढे २००४ मध्ये ख्रिस्तोफर पीटरसन यांच्यासह त्यांनी मनुष्यस्वभावातील चोवीस बलस्थानांचे सहा सद्गुणांच्या गटांत वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात चिकाटीचा समावेश धैर्याच्या गटात आहे. आपल्या वाग्भटाचार्यांनी मनोदोषांवरील श्रेष्ठ औषध म्हणून धी आणि आत्मादिविज्ञान यांच्यासह धैर्याचाच उल्लेख केला आहे, हे साम्य वाचकांच्या ध्यानी येईलच.

२००७ मध्ये अँजेला डकवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकालीन ध्येयासाठीची चिकाटी आणि ओढ या दोहोंना एकत्र करून एक मापनश्रेणी मांडली. तिचा जगभर मोठा गाजावाजा झाला. परंतु २०१७ मध्ये मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा हा गुण पूर्वीपासून परिचित असलेल्या कर्तव्यदक्षतेशी फार मोठ्या प्रमाणात जुळतो आणि यशाशी जो काही संबंध दिसतो तो मुख्यतः प्रयत्नसातत्याच्या अंशाचा असतो, असे आढळले. तात्पर्य, चिकाटी हा एखादा जादूचा गुण मानून केवळ त्याच्यावर माणसे निवडणे शास्त्रीय ठरत नाही.

आपल्या उपयोगाचे दोन विचार मात्र अवश्य घेण्यासारखे आहेत. पहिला फ्रेड लुथान्स यांचा. आशा, स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास, आघातानंतर पुन्हा उभे राहण्याची शक्ती आणि आशावाद या चार घटकांना त्यांनी मनाचे भांडवल असे संबोधिले आणि हे भांडवल जन्मजात स्वभावासारखे पक्के नसून वाढविता येते, असे प्रतिपादिले. दुसरा विचार अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला. स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास चार मार्गांनी उत्पन्न होतो, असे ते म्हणतात. स्वतः काम यशस्वी करून पाहणे, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, विश्वासातील व्यक्तीने धीर देणे आणि शरीराची अवस्था चांगली असणे, हे ते चार मार्ग. यांतील दुसरा आणि तिसरा मार्ग म्हणजे चरकाचार्यांच्या मध्यम सत्त्वाचे दोन आधारच होत. चौथ्या मार्गाकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून त्याचा विचार स्वतंत्रपणे करू.

धृती आणि वेगधारण

चिकाटी म्हणजे निमूटपणे सर्व काही सोसणे, असा एक समज रूढ आहे. आयुर्वेदातील धृतीची कल्पना याहून सूक्ष्म आहे. धृती ही नियमन करणारी शक्ती होय. अहितकर विषयांकडे धावणाऱ्या मनाला ती आवरते. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात धारणीय आणि अधारणीय वेगांचा जो भेद केला आहे, त्याचा अर्थ येथे लागतो. लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या हे मनाचे वेग, तसेच कठोर बोलणे, चहाडी, असत्य हे वाणीचे वेग आवरावयाचे. मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा, निद्रा, अश्रू, श्रमश्वास इत्यादी तेरा वेग मात्र कदापि अडवू नयेत.

आता आपल्या कामाच्या जागा या दृष्टीने पाहू. सकाळी दहाला आलेली काउंटरवरील मुलगी दुपारी तीनपर्यंत उभी असते. दुकानाला जोडून स्वच्छतागृह नसते, म्हणून ती पाणीच पीत नाही. भूक लागली तरी रुग्णांची रांग संपेपर्यंत डबा उघडत नाही. रागावून बोललेल्या गिऱ्हाइकासमोर डोळ्यांत आलेले पाणी मागे सारते. म्हणजे अधारणीय वेगांचे धारण आपण तिच्याकडून नित्य करवून घेतो आणि त्यालाच चिकाटी म्हणतो. उलट क्रोध कसा आवरावा, उद्धट रुग्णाशी कसे बोलावे, एका चुकीमुळे आलेले भय मनातून कसे काढावे, हे धारणीय वेगांचे शिक्षण तिला कोणीच देत नाही.

निदानस्थानात शोषाची चार कारणे सांगितली आहेत: साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. संधारणाचे वर्णन करताना राजाच्या, स्वामीच्या किंवा गुरूच्या समीप असलेला पुरुष भीतीने वा लज्जेने वेग अडवितो, असा दाखला आचार्यांनी दिला आहे. स्वामीच्या समीप, हे शब्द वाचून आपण स्वामींनी थोडे थांबावयास हवे. साहस म्हणजे स्वतःच्या बलाबाहेरचे कर्म. अर्धशक्तीने व्यायाम करावा असा उपदेश रुग्णाला करणारे आपण, सणासुदीच्या गर्दीत सहकाऱ्याकडून बारा-बारा तास पूर्ण शक्तीने काम घेतो. विषमाशनाविषयी तर बोलावयासच नको. चारपैकी तीन कारणे ज्या जागी रोज घडतात, तेथे सत्त्वबल क्षीण होत गेल्यास नवल नाही.

कामातील सातत्य कोणाचे?

औषधनिर्मितीतील एक परिचित उदाहरण पाहू. चौसष्टप्रहरी पिंपळीसाठी चौसष्ट प्रहर अखंड मर्दन करावे लागते. प्रहर तीन तासांचा धरला तर हे एकशे ब्याण्णव तास, म्हणजे आठ अहोरात्र होतात. एका माणसाच्या हाताने हे होणे शक्यच नाही. हात बदलतात, खल थांबत नाही. अभ्रकभस्माची शंभर किंवा सहस्र पुटे हीसुद्धा एका दिवसाच्या उत्साहाने लागत नाहीत, ती आखलेल्या क्रमाने लागतात. आपल्या शास्त्रातील दीर्घोद्योगाच्या या कृतींत सातत्य हे व्यवस्थेचे आहे आणि त्या व्यवस्थेत प्रत्येकाच्या विश्रांतीला जागा आहे. चिकित्सालयात मात्र एकच मुलगा सकाळी अभ्यंग, दुपारी औषधे लावणे, सायंकाळी बिले अशी सर्व कामे करतो आणि तो थकला की त्याच्या स्वभावाला दोष लागतो.

काही व्यवहार्य सूचना

वरील विवेचनाच्या अनुरोधाने, लहान चिकित्सालयालाही परवडतील अशा काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. आहार आणि निद्रा हे त्रयोपस्तंभांतील दोन स्तंभ प्रथम पाहावेत. डबा खाण्याची वेळ ठरवून ती रुग्णांना दिसेल अशी फलकावर लिहावी. पिण्याचे पाणी, बसावयास स्टूल आणि स्वच्छतागृहाची सोय, विशेषतः मुलींसाठी, ही दया नसून सत्त्वरक्षणाची चिकित्सा आहे. स्वतःची जागा नसल्यास शेजारच्या दुकानदाराशी बोलून सोय करावी.

२. नव्या माणसाला पादांशिक क्रमाने काम द्यावे. अहितकर सवय सोडणे आणि हितकर सवय लावणे हे दोन्ही अंशाअंशाने करावे, असे आचार्य सांगतात. शोधनानंतर आपण रुग्णाला पेया, विलेपी, यूष अशा संसर्जनक्रमाने नेतो, पहिल्याच दिवशी पूर्ण जेवण देत नाही. पहिल्या आठवड्यात द्रव्यांची ओळख आणि बरण्यांची मांडणी, दुसऱ्यात पुड्या बांधणे, तिसऱ्यात ज्येष्ठाच्या शेजारी उभे राहून अनुपान सांगणे, असा क्रम कागदावर लिहून ठेवावा. प्रत्येक टप्पा जमल्याचे त्याला सांगावे.

३. प्रत्येक नव्या सहकाऱ्याला एका ज्येष्ठाच्या जोडीला द्यावे. हा ज्येष्ठ सर्वांत हुशार नसला तरी चालेल, तो शांत असावा. मध्यम सत्त्वाचा तरुण त्याच्याकडे पाहूनच स्वतःला सावरणार आहे.

४. सत्त्वप्रकृती पाहून काम द्यावे. शारीरस्थानातील सत्त्वभेदांचा उपयोग आपण सहसा परीक्षेपुरता करतो. गांधर्व सत्त्वाचा, कथा-गीतांत रमणारा बोलका तरुण कोठारात बसविला तर कोमेजतो, तोच काउंटरवर फुलतो. याम्य सत्त्वाचा, स्मृतिमान आणि वेळेवर काम करणारा तरुण साठ्याची नोंद आणि मुदतबाह्य औषधांची पाहणी उत्तम करतो. कामाचा कंटाळा हा पुष्कळदा चुकीच्या कामाचा कंटाळा असतो.

५. चूक एकांतात सांगावी आणि रुग्णाचे बरे होणे सर्वांसमोर सांगावे. पक्षाघाताचा रुग्ण आधाराविना चालू लागला, की ज्याने एकवीस दिवस त्याला अभ्यंग केला त्या मुलाला बोलावून ते दाखवावे. सेव्य व्यक्तीविषयीचा अनुराग असाच उपजतो आणि चिकाटीचे मूळ त्या अनुरागात असते.

६. साप्ताहिक सुटी मोडू नये. मोडावी लागल्यास दुसरा दिवस द्यावा. वेतन ठरलेल्या तारखेस द्यावे. अनिश्चितता ही भयाची जननी आहे, आणि भयाने सत्त्व खचते.

जेथे चिकाटीचा प्रश्न नसतो

एक सावधगिरीही आवश्यक आहे. प्रत्येक खचलेपण हा सत्त्वाचा प्रश्न नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अंमलात आलेल्या आपल्या रोगवर्गीकरणात कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या ग्लानीची नोंद केली आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी मनात आलेला दुरावा किंवा कडवटपणा आणि कार्यक्षमता घटल्याची जाणीव ही तिची तीन अंगे होत. या नोंदीत ती रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या संदर्भातील अवस्था म्हणून गणली आहे. म्हणजे तिचे निदान करताना कामाची जागाही तपासावी लागते.

याउलट दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासी, झोप आणि भूक यांत मोठा बदल, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, मरणाचे विचार बोलून दाखविणे ही लक्षणे दिसल्यास तो रोग समजावा. अशा वेळी धीर धर असे सांगणे किंवा मंडूकपर्णी, शंखपुष्पीची बाटली हाती देऊन मोकळे होणे, हे दोन्ही अपुरे होय. मेध्य रसायनांची थोरवी निर्विवाद आहे, परंतु तातडीच्या प्रसंगी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविणे हेच वैद्याचे कर्तव्य ठरते. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक रुग्णांसाठी जसा फलकावर असावा, तसा सहकाऱ्यांच्या खोलीतही लावावा.

उपसंहार

खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्याचे प्राधान्य सांगताना आचार्यांनी कुंभाराचा दृष्टान्त दिला आहे. माती, दांडा, चाक, दोरा सर्व असूनही कुंभारावाचून घट होत नाही. हे प्राधान्य आपण आनंदाने मिरवितो. पण घटाला तडा गेला की माती वाईट होती असे म्हणून कुंभाराला सुटता येत नाही, हाही त्या दृष्टान्ताचाच भाग आहे. साडेपाच वर्षे शिकून आलेला तरुण वैद्य असो वा बारावीनंतर आलेला साहाय्यक, तो आपल्याकडे अनवस्थित सत्त्वाच्या वयात येतो आणि त्या वयातील काही महत्त्वाची वर्षे आपल्या छताखाली घालवितो.

वैद्यमित्रांना आणि औषधविक्रेत्या बंधुभगिनींना एक विनंती आहे. पुढील अंक हाती येईपर्यंतच्या तीन महिन्यांत आपल्या प्रत्येक तरुण सहकाऱ्याची एकदा दशविध परीक्षेतील चार भावांपुरती तरी नोंद करावी: वय, सत्त्व, सात्म्य आणि व्यायामशक्ती. तो किती वाजता जेवतो, किती तास झोपतो, कोणाकडे पाहून शिकतो, हे त्यात लिहावे. नोंद लिहून झाल्यावर त्याच्या कामाच्या वेळापत्रकात काय बदलावयास हवे, ते प्रत्येकाला आपोआप दिसू लागेल. हे अनुभव वैद्यांनी आणि फार्मसीचालकांनी याच पृष्ठांवर मांडले, तर ‘मुले टिकत नाहीत’ या तक्रारीच्या जागी काही उपयोगी चर्चा सुरू होईल.